अंधाराचं उद्घाटन

गल्लीत एक दिवा यावा म्हणून माणसाने किती वर्षं चपला झिजवाव्यात याला काही मर्यादा असते, आणि ती मर्यादा दॉन एवारिस्तो केसादांनी केव्हाच ओलांडली होती. हा माणूस सान लुकासच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेला. उभा जन्म शिक्के मारण्यात गेलेला. आपण शिक्का मारल्याशिवाय गावात कुणी नीट जन्माला येत नाही आणि मेलेलाही पुरता मरत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे अर्ज केला की दिवा येतोच, उशिरा येतो पण येतो, यावर त्यांचा विश्वास होता. बायको, दोन्या ओब्दुलिया, म्हणायची, "म्हाताऱ्या, देवाची आळवणी केली असतीस तर एव्हाना संत झाला असतास." म्हातारा ऐकायचा आणि नवा अर्ज लिहायला बसायचा.

आणि खरंच दिवा आला. दरीकडच्या गल्लीत, बरोबर केसादांच्या दारासमोर, त्यांच्या गच्चीच्या उंचीला. सप्टेंबरात, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी नगराध्यक्ष बार्रागान स्वतः उद्घाटनाला आले. आता बार्रागानसाहेबांना फीत कापायला फार आवडे. गावातल्या सार्वजनिक मुतारीचं त्यांनी दोनदा उद्घाटन केलं होतं, एकदा बांधून झाली तेव्हा आणि एकदा तिला पाणी आलं तेव्हा. दिव्याला त्यांनी बँड आणला, फटाके आणले आणि खांबावर एक पितळी पाटी ठोकली: 'नागरिक एवारिस्तो केसादा यांच्या अथक प्रयत्नांमुळे.' कळ दाबली आणि असा पांढराफटक उजेड पडला की दॉन एवारिस्तोंना समोरच्या भिंतीतल्या मुंग्या दिसल्या. त्या रात्री त्यांनी पाटी तीनदा पुसली.

त्याच वर्षी आणखी एक मान त्यांच्या वाट्याला आला होता. सान लुकासमध्ये नाताळच्या उत्सवाचा दरवर्षी एक मानकरी असतो. चर्चमधल्या वेदीभोवतीची झाडं मानकऱ्याने द्यायची. झाडं म्हणजे नोचेबुएना. नाताळ आला की हिची शेंड्याकडची पानं लालभडक होतात. लोक त्यांना फुलं म्हणतात, आणि ती फुलं नाहीत असं कुणी सांगायला गेलं तर त्याच्याशी बोलत नाहीत. ही झाडं विकत आणायची नाहीत. मानकऱ्याने ती आपल्याच घरात, आपल्या हाताने फांद्या लावून वाढवायची आणि वेदीवर जाईपर्यंत एकही कुंडी घराबाहेर काढायची नाही. पूर्वी एकदा एका मानकऱ्याची झाडं किडीने गेली आणि त्या बापड्याने वेदीवर लाल कागदाची फुलं ठेवली. तो माणूस वारला, त्याची मुलं म्हातारी झाली, पण त्या घराला आजही 'कागदवाले' म्हणतात. नातवाचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या बापाने आधी विचारलं होतं, "कोण, कागदवाल्यांपैकीच ना?"

तेव्हा पन्नास-साठ कुंड्या गच्चीवर मांडून दॉन एवारिस्तो आपल्या आडनावाची काळजी घेत होते. पाणी, शेणखत, माशा मारणं, सगळं जातीने. झाडं तरारली. त्यांनी गच्चीवर खुर्ची नेली आणि संध्याकाळी तिच्यात बसून, आपल्याच दिव्याच्या उजेडात, ते आपल्या झाडांकडे बघत बसू लागले. माणसाला यापेक्षा जास्त काय हवं असतं.

दिव्याच्या खोड्या मात्र लवकरच सुरू झाल्या. आधी पतंग आले, मग पतंगांमागे बेडूक आले. हे बेडूक दरीतून चढून खांबाखाली पंगतीला बसत आणि इतके लठ्ठ झाले की त्यांना परत जाता येईना. चौकातल्या झाडांवर रात्र काढणारे काळे, लांब शेपटीचे सानाते पक्षी, शेकड्यांनी, मुक्काम हलवून केसादांच्या दारातल्या लॉरेलच्या झाडावर आले. त्यांना उजेडात झोपायला आवडतं म्हणे. झोपायला आवडत असेल, पण ते झोपत मात्र नव्हते. दॉन एवारिस्तोंची पांढरी हॅट आठवड्यात करडी झाली. शेजारच्या दॉन फिदेन्सियोचा कोंबडा, ज्याचं नाव 'जनरल' होतं, रात्रभर पहाट झाली असं समजून आरवू लागला. बिचाऱ्याचा घसा बसला, तरी कर्तव्य सोडलं नाही. ओब्दुलियाबाई डोळ्यांवर काळा मोजा बांधून झोपू लागल्या. "नवरा अर्ज करतो आणि बायको मोजा बांधते," असं त्या सगळ्यांना सांगत. दरीतले काजवे दिसेनासे झाले, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. काजव्यांचा अर्ज कोण करणार.

खूश होत्या फक्त दोन्या तोमासा. त्या कोपऱ्यावर मक्याच्या पिठाचे वाफाळते तमाले विकत. त्यांनी आपलं भलंमोठं पातेलं थेट दिव्याखाली हलवलं. "आता गिऱ्हाईक मला सुटे पैसे म्हणून बटण देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या.

मृतांचा सण उलटला, नोव्हेंबरची थंडी पडली आणि गावातल्या नोचेबुएना लाजायला लागल्या. शेंड्याची पानं आधी तांबूस, मग लाल. फिदेन्सियोच्या मागच्या परसात एकच जुनं झुडूप होतं, तेही लाल व्हायला लागलं. केसादांच्या गच्चीवर मात्र सगळं हिरवंगार. नुसतं हिरवं नाही, उर्मट हिरवं.

दॉन फिदेन्सियो गेल्या वर्षीचा मानकरी. खाटीक माणूस, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. फुकट सल्ला देताना त्याला दोन वेळचं जेवण मिळाल्यासारखं समाधान व्हायचं. तो गच्चीवर आला, कमरेवर हात ठेवून फेरी मारली आणि दोस्तीच्या हक्काने म्हणाला, "कोंपाद्रे, तुम्ही त्यांना लाडावून ठेवलंय."

"झाडांना?"

"झाडांनाच. पोटभर खायला-प्यायला मिळाल्यावर कोण लाल होईल? पाणी तोडा. आणि प्रत्येक कुंडीत एक गंजका खिळा खुपसा. लोखंडाने रक्त वाढतं."

पाणी तोडलं. खिळे खुपसले. झाडं कोमेजली, पण हिरवीच कोमेजली. दोन्या तोमासांनी खाली उभ्या उभ्या निदान केलं की नजर लागली आहे, अंडं उतरवायला हवं. मग दॉन एवारिस्तो, निवृत्त सरकारी अधिकारी, हातात अंडं घेऊन एकेका कुंडीवरून फिरवताना आणि तोंडाने पुटपुटताना साऱ्या गल्लीने पाहिले. दिवा इतका छान होता की कुणाला मान वाकडी करावी लागली नाही. अंडं फोडून बघितलं, तर साधं अंडं. तोमासाबाई म्हणाल्या, एका अंड्याने भागणार नाही, फार मोठ्या माणसाची नजर दिसते. दॉन एवारिस्तोंनी मनातल्या मनात फिदेन्सियोच्या पोटाकडे पाहिलं.

रात्री त्यांना झोप येईना. एक तर जनरल आरवत होता, आणि दुसरं म्हणजे डोळे मिटले की लाल कागद कापण्याचा आवाज येई. "केसादा नाव काही वाईट नाही, ओब्दुलिया," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी कमावलंय ते." ओब्दुलियाबाईंनी मोजा वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना नवऱ्याची खरोखरच दया आली.

शोध लागला तो त्यांनाच. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि हाक मारली, "म्हाताऱ्या, टाकीमागे ये."

पाण्याच्या काळ्या टाकीमागे चार कुंड्या होत्या. कपड्यांच्या दोरीखाली पाय अडखळतो म्हणून ओब्दुलियाबाईंनी त्या महिनाभरापूर्वीच तिकडे सरकवल्या होत्या. दॉन एवारिस्तो त्यांना विसरलेच होते. त्या चारी कुंड्या लाल व्हायला लागल्या होत्या. पाचवी कुंडी अर्धी टाकीमागे आणि अर्धी बाहेर होती. तिची आतली बाजू तांबूस आणि बाहेरची हिरवी.

आता एखादा माणूस यावरून काय ते समजला असता. पण आमच्या दॉन एवारिस्तोंनी निष्कर्ष काढला की टाकीत काहीतरी आहे. त्यांनी टाकीचं पाणी बाटलीत भरून उजेडात धरलं, हुंगलं, प्यायलं. फिदेन्सियोने सांगितलं की टाकीचा ओलावा लागतो. मग दोघांनी मिळून तीसेक कुंड्या टाकीभोवती गोल मांडल्या, पुढे, बाजूला, मागे. फिदेन्सियोने श्रमपरिहार म्हणून दॉन एवारिस्तोंची बिअर प्यायली. संध्याकाळ झाली. दिवा पेटला. आणि टाकीची जाडजूड सावली गच्चीवर पडली ती नेमकी त्या चार कुंड्यांवर आणि पाचवीच्या अर्ध्या अंगावर.

दॉन एवारिस्तो खुर्चीत बसले. त्यांनी सावलीकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा सावलीकडे. नोचेबुएनाला लाल व्हायला लांब, काळीकुट्ट रात्र लागते, हे गावात कुणालाच शिकावं लागलं नव्हतं. कारण रात्र तिथे फुकट मिळत होती. अर्ज करकरून ती घालवली होती एकट्या एवारिस्तो केसादांनी. खाली खांबावर पाटी चमकत होती. अथक प्रयत्नांमुळे.

"कोंपाद्रे," फिदेन्सियो म्हणाला, "गोफण आहे माझ्याकडे."

"मी कायद्याने जगलेला माणूस आहे."

"दगड मी मारतो. तुम्ही फक्त तिकडे बघू नका."

पण दॉन एवारिस्तो नगरपालिकेत गेले. तिथे तक्रारीच्या खिडकीत सेन्योरिता ब्रिखिदा बसत. नखं रंगवायला त्यांना कामाच्या वेळेचाच आधार होता.

"दिवा बंद पडलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. चालू आहे."

"लुकलुकतो?"

"मुळीच नाही. उत्तम चालतो."

"मग तक्रार कसली?"

"चालतो हीच."

ब्रिखिदाबाईंनी ब्रश बाटलीत ठेवला. "दॉन एवारिस्तो, दिवा लावायला इथे, दुरुस्तीला इथे, नवीन खांबाला वरच्या मजल्यावर. विझवायला खिडकीच नाही आमच्याकडे. आजवर कुणी आलंच नाही."

"मी आलोय ना."

"तुम्हीच तर लावून घेतलात. तुमच्या नावाची पाटी मीच टाइप केली." त्यांनी आवाज खाली आणला. "घरी सगळं ठीक आहे ना? जेवण जातंय?"

ब्रिखिदाबाईंच्या जन्माच्या दाखल्यावर शिक्का मारणारा माणूस हे ऐकून बाहेर पडला. पायऱ्यांवर त्यांनी हॅट घातली आणि सानात्यांनी तिच्यावर आपलं मत नोंदवलं. पक्षी तिथवर पाठलाग करत आले असावेत, असं त्यांना मनापासून वाटलं.

सरकार हात देत नाही म्हटल्यावर स्वावलंबन आलं. पहिले दोन दिवस त्यांनी संध्याकाळी सगळ्या कुंड्या लोखंडी गोल जिन्यावरून खाली, झोपायच्या खोलीत आणल्या आणि सकाळी वर नेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच वरून खाली आणावं लागलं. कमरेला मोहरीचं तेल चोळताना ओब्दुलियाबाईंना कल्पना सुचली की झाडं खाली आणण्यापेक्षा अंधारच वर न्यावा. प्रत्येक कुंडीवर एक बादली उपडी घालायची. गल्ली तशी दिलदार. ज्याने त्याने आपली बादली दिली. निळ्या, हिरव्या, पिचलेल्या, एक तर बाळाला अंघोळ घालायचा टब. पहिली संध्याकाळ छान गेली. दॉन एवारिस्तो उपड्या बादल्यांच्या राज्यात एखाद्या सेनापतीसारखे फिरले. पण दुसऱ्या संध्याकाळी नळाला पाणी आलं.

दरीकडच्या गल्लीत पाणी आठवड्यातून दोनदा येतं आणि तेही भरून ठेवावं लागतं. ते सुटल्याचा आवाज झाला मात्र, गोल जिन्यावर सगळी गल्ली चढली. "माझी निळी कुठाय?" "ती माझी, तिच्या कडीला तार आहे." झाडांच्या डोक्यावरून अंधार ओढून काढला जात होता आणि दॉन एवारिस्तो मधे उभे राहून, "हळू, शेंडे, शेंडे सांभाळा," असं विनवत होते. बाळाचा टब नेताना त्याच्या आईने चक्क सुनावलं, "माझं पोर दोन दिवस पारोसं आहे तुमच्या देवापायी." देवाचंच पोर पारोसं राहू नये म्हणून तर सगळी धडपड होती.

मग काळं प्लास्टिक आणलं. गच्चीएवढा एकच ताव, शेतावर अंथरतात तसा. फिदेन्सियोने एका बाजूला विटा ठेवल्या, दॉन एवारिस्तोंनी दुसऱ्या बाजूला. "कोंपाद्रे, आता वादळ आलं तरी हलत नाही," फिदेन्सियो म्हणाला. वादळ आलं नाही. नुसता उत्तरेचा वारा आला. प्लास्टिक आधी फुगलं, मग गच्चीवरून उठलं, तोमासाबाईंच्या पातेल्याला सावली देत रस्ता ओलांडला आणि दिव्याच्या मानेला गच्च गुंडाळून बसलं.

गल्लीत अंधार झाला.

नुकते कुठे सात वाजले होते. पहिल्यांदा सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. मग वर लॉरेलमध्ये मोठी गडबड उडाली आणि सारे सानाते, उजेड गेला म्हणून रुसून, चौकाकडे निघून गेले. जनरलने अर्धवट बांग दिली, ती तशीच सोडली आणि गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा झोपला. तो बहुधा तिथल्या तिथेच कोसळला असावा. माणसं खुर्च्या घेऊन दारात आली. कुणीतरी म्हणालं, "अरे, वर किती आहेत बघा," आणि सगळे माना वर करून चांदण्या बघायला लागले. दरीच्या कडेला एक काजवा चमकला, मग दुसरा. आपल्याकडे काजवे असायचे, हे गल्लीला तेव्हा आठवलं. ओब्दुलियाबाईंनी खुर्चीतच डोळे मिटले, मोज्याशिवाय.

तोमासाबाईंनी मात्र त्रागा केला. मेणबत्ती लावून पातेल्यावर ठेवली आणि "धंदा बसला माझा" असं म्हणून हात चोळत बसल्या. पण अंधारात लोक उठायला तयार नव्हते. गप्पा चालल्या, भूक लागली. गावातली दोन-तीन जोडपी, जी दिवा आल्यापासून बेघर झाली होती, परत आली आणि दर अर्ध्या तासाने, निव्वळ तिथे थांबायला कारण हवं म्हणून, एकेक तमाल घेत राहिली. आठच्या सुमारास पातेलं रिकामं झालं. तोमासाबाईंनी झाकण वाजवून पाहिलं. त्यांचं मत बदलायला तेवढं पुरलं.

"हे बरं झालं," सगळे म्हणाले. "राहू द्या तसंच."

राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच नगरपालिकेची शिडीवाली गाडी आली. ही गाडी दोन रस्ते पलीकडे फुटलेल्या नळासाठी गेलं वर्षभर येत होती, म्हणजे येणार होती. इथे ती एका रात्रीत आली. दोघांनी प्लास्टिक कापलं, काच पुसली, शिवाय पाटीही पुसली.

"एवढी कसली घाई तुम्हाला?" फिदेन्सियोने चिडून विचारलं.

"पाटी आहे ना," शिडीवरचा म्हणाला. "साहेबांनी उद्घाटन केलेली वस्तू बंद पडली तर आमची नोकरी जाते. नळाचं उद्घाटन नाही झालेलं."

दॉन एवारिस्तो दारात उभे होते. कंबर दुखत होती, हॅट खराब होती, झाडं हिरवी होती. पण चाळीस वर्षांच्या नोकरीने त्यांच्या डोक्यात जे काही भरलं होतं ते त्या क्षणी जागं झालं. नगरपालिका काही बंद करत नाही. ती फक्त सुरू करते. मग बंद करा असं म्हणायचंच कशाला?

त्यांनी कोट घातला आणि थेट नगराध्यक्षांकडे गेले.

"साहेब," ते म्हणाले, "दरीकडच्या गल्लीत एक उद्घाटन करायचं आहे."

बार्रागानसाहेबांनी समोरचे कागद आपोआप बाजूला सारले. "कशाचं?"

"अंधाराचं."

"अंधार तर असतोच ना?"

"असतो, पण बेवारशी. सरकारने दिलेला अंधार या राज्यात कुठेच नाही. आमच्याकडे चांदण्या दिसतील, काजवे दिसतील, नाताळची झाडं लाल होतील. लोक म्हणतील, हे बार्रागानसाहेबांनी आणलं."

"फीत असेल?"

"असेल. बँडही असेल."

"फीत काळी नको. दुखवटा वाटतो."

"पिवळी आणू."

साहेब खिडकीकडे गेले आणि परत आले. "मला खरं सांगा. माझ्या आधी कुणी अंधाराचं उद्घाटन केलंय?"

"कुणीही नाही. आजवर जो आला तो दिवेच लावत आला."

"शेजारच्या गावातला तो पालोमारेस?"

"त्याला सात जन्मात सुचणार नाही."

"मग या शनिवारी," बार्रागानसाहेब म्हणाले, आणि ब्रिखिदाबाईंना नवी पाटी टाइप करायला सांगितली.

शनिवारी संध्याकाळी सारी गल्ली जमली. बँड वाजला, फटाके उडाले, पिवळी फीत कापली गेली. साहेबांनी ठरवलं होतं की भाषणाच्या ऐन मध्यावर स्वतःच्या हाताने कळ खाली ओढायची आणि मग उरलेलं भाषण करायचं, म्हणजे परिणाम होतो. कळ ओढली. दिवा विझला. टाळ्यांचा कडकडाट झाला. उरलेलं भाषण कागदावर होतं आणि कागद आता कुणालाच दिसत नव्हता. साहेबांनी दोन-तीनदा "नागरिकहो" म्हटलं आणि थांबले. त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत लोकप्रिय भाषण ठरलं. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. अंधारात आधी चुकून फिदेन्सियोला उचलायचा प्रयत्न झाला होता, पण तो उचलला गेला नाही. नव्या पाटीवर लिहिलं होतं की हा अंधार नागरिक एवारिस्तो केसादा यांच्या अथक प्रयत्नांमुळे आला आहे. सूर्य मावळल्यावर ती वाचता येत नाही.

आता उरला होता तो वेळेचा प्रश्न. नाताळ जवळ आला होता आणि झाडांना रात्र उशिरा मिळाली होती. दॉन एवारिस्तो पहाटे उठून गच्चीवर जात आणि शेंडे चाचपत. डिसेंबर लागला, तरी हिरवे. मग एका सकाळी एका कुंडीत एका पानाच्या शिरेत किंचित तांबूसपणा दिसला. त्यांनी ओब्दुलियाबाईंना उठवून वर आणलं. "म्हातारे, हे लाल आहे की माझे डोळे आलेत?" त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "लाल आहे." दॉन एवारिस्तो पायरीवर बसले आणि त्यांनी लहान पोरासारखं नाक पुसलं. त्यानंतर रोज थोडं थोडं चढत गेलं. नाताळाआधी देवाच्या आईबापांसाठी घरोघर आसरा मागत फिरणाऱ्या मिरवणुका सुरू झाल्या तोवर अर्धी गच्ची पेटली होती. चोवीस तारखेला दुपारी सारी गल्ली पुन्हा गोल जिन्यावर चढली. ज्यांनी बादल्या ओढून नेल्या होत्या त्यांनीच छातीशी धरून एकेक कुंडी खाली उतरवली. पारोसं राहिलेल्या पोराची आई दोन कुंड्या घेऊन गेली.

चर्चमध्ये शेवटचा एक विधी असतो. गेल्या वर्षीच्या मानकऱ्याने हातात मेणबत्ती घेऊन वेदीभोवतीची प्रत्येक कुंडी तपासायची. जी लाल नसेल ती भिंतीकडे तोंड करून फिरवायची. मग जमलेल्यांच्या तोंडी जे नाव बसायचं ते बसतं. दॉन फिदेन्सियो नवा सदरा घालून निघाला. त्याला कधी घाई नसे, त्या दिवशी तर मुळीच नव्हती. प्रत्येक कुंडीसमोर थांबे, वाके, मेणबत्ती जवळ नेई, पोट सावरे, पुढे जाई. दॉन एवारिस्तो ओब्दुलियाबाईंचा हात धरून पहिल्या बाकावर बसले होते.

शेवटच्या कुंडीपाशी फिदेन्सियो थांबला तो थांबलाच. ती गच्चीच्या कठड्याला, दिव्याच्या अगदी समोर असलेली कुंडी होती. रात्र तिला सगळ्यांत उशिरा मानवली होती. लोकांकडे असलेली तिची बाजू हिरवी होती. चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी कागदाबद्दल काहीतरी बोललं. फिदेन्सियोने दोन्ही हात कुंडीला घातले. दॉन एवारिस्तोंनी डोळे मिटले.

फिदेन्सियोने कुंडी अर्धीच फिरवली. मागची बाजू पुढे आली. ती लालभडक होती.

"उलटी ठेवली होती कुणीतरी," तो मोठ्याने म्हणाला. मग सगळ्यांकडे वळला आणि त्याच्या त्या खाटकी आवाजात जाहीर केलं, "मानकऱ्याची वेदी लाल आहे."

घंटा वाजल्या. दॉन एवारिस्तोंनी अशा वेळी बोलण्यासाठी चार वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. ते उठले, फिदेन्सियोच्या पोटाला मिठी मारली, कारण मान पुरत नव्हती, आणि सगळ्यांदेखत रडले. फिदेन्सियो त्यांच्या कानात म्हणाला, "कोंपाद्रे, गोफणीने हे सप्टेंबरातच झालं असतं."

घरी परतताना लोकांनी वाट करून दिली. आधी मानकरी आणि त्याची बायको, मागे सगळे मेणबत्त्या घेऊन. चौक ओलांडून ते दरीकडच्या गल्लीत वळले. दॉन एवारिस्तो केसादा जन्मात पहिल्यांदा अशी मान ताठ करून, छाती पुढे काढून चालत होते, आणि गल्लीत इतका सुरेख अंधार होता की ते कुणालाही दिसत नव्हतं. याचं त्यांना क्षणभर वाईट वाटलं.

"मान खाली घाल, म्हाताऱ्या," ओब्दुलियाबाई म्हणाल्या. "पुढे खड्डा आहे."

दॉन एवारिस्तोंनी मान खाली घातली नाही. पाय खड्ड्यात गेला, एक बूट तिथेच राहिला, आणि ते ताठ मानेनेच घरी पोचले.